बिनकारभारी संचालक

वेदगंगेच्या कांठीं वसलेल्या मुरगूड गांवीं ‘संचालक’ हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाहीं. जवळच बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना, तसाच हमीदवाड्याचाही. शिवाय गांवोगांवच्या सेवा सोसायट्या, दूध संस्था व पतसंस्था आहेतच. येथें संचालक म्हणजे सभासदांच्या दारीं जाऊन मत मागणारा, आणि निवडून आल्यावर त्यांनाच उत्तर देणारा मनुष्य. परंतु अशाच गांवांतून शिकून पुण्या-मुंबईस गेलेला एखादा हिशेबतपासनीस, इंजिनियर किंवा वकील मोठ्या कंपनीच्या मंडळावर जाण्याची इच्छा धरतो, तेव्हां त्यानें कोणाच्या दारीं जावें, आणि काय म्हणून जावें? ज्याच्या हातीं कंपनीचा रोजचा कारभार नाहीं, अशा बिनकारभारी संचालकाचा इतिहास या बाबतींत पुष्कळ शिकवणारा आहे.

पहिला धडा मुंबईंत मिळाला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून इंग्लंडच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव आकाशास भिडले, आणि हातीं आलेल्या पैशाच्या जोरावर बँकांचें व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचें पेंव फुटलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि तो सारा डोलारा खालीं आला. त्यांत सरकारचे भाग असलेली बँक ऑफ बाँबेही बुडाली. १८६८ सालीं नेमलेल्या चौकशी कमिशनास चिटणिसांच्या बेबंद कर्जवांटपाबरोबर संचालकांची गाफिलीही दोषास्पद वाटली. मंडळावर प्रतिष्ठित नांवें होतीं. पहारा मात्र नव्हता.

पुढें गिरण्यांच्या जमान्यांत मॅनेजिंग एजन्सीची पद्धति रूढ झाली. एजंटांची पेढी कारखाना काढी, तीच तो चालवी आणि संचालकही बहुधा तीच निवडी. अशा मंडळावर बसणारा गृहस्थ वस्तुतः पेढीचा पाहुणा असे. आणि पाहुण्यानें यजमानाच्या स्वयंपाकघरांत डोकावूं नये, हा शिष्टाचार तो इमानानें पाळी. १९३६ च्या दुरुस्तीनें एजंटांनीं नेमावयाच्या संचालकांची संख्या एक-तृतीयांशापुरती मर्यादित केली, आणि १९७० सालीं ती पद्धतिच कायद्यानें संपुष्टांत आली. तथापि तिच्याबरोबर पाहुणेपणाही संपला, असें म्हणतां येत नाहीं.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रांतच, आणि तेंही उंसाच्या मुलखांत, सांपडतें. नगर जिल्ह्यांतील लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. त्याचे पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि उपाध्यक्ष विखे पाटील. गाडगीळ हे ऊंस पिकवणारे नव्हते. ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख. मग ही खुर्ची त्यांच्याकडे कशी आली? तिच्यामागें आधींचें काम उभें होतें. १९४५ सालीं त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें शेतीच्या कर्जव्यवहारावर अहवाल दिला होता, आणि त्याच वर्षीं बेलापुरास भरलेल्या बागायतदारांच्या परिषदेचेही ते अध्यक्ष होते. भांडवल उभारणें, सरकारशीं व बँकांशीं बोलणें, सहकाराचें तत्त्व व्यवहारांत सांभाळणें, यासाठीं शेतकऱ्यांस जाणता मनुष्य हवा होता. तो त्यांनीं कामावरून ओळखला. उंसाच्या भावांत त्याचा स्वतःचा लाभ गुंतलेला नव्हता, म्हणून त्याच्या शब्दास वजन होतें.

आजचा कायदा हीच अलिप्तता मागतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानें शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीच्या मंडळावर निदान एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक असले पाहिजेत. एका वेळीं पांच वर्षांपर्यंतची नेमणूक, आणि अशा लागोपाठ दोनच मुदती. २०१९ च्या डिसेंबरपासून अशा संचालकांस सरकारी नोंदवहींत नांवही घालावें लागतें. परंतु कायद्यानें माणूस जागा होतोच असें नाहीं. २००९ च्या जानेवारींत सत्यम कंपनीच्या अध्यक्षानें हिशेबांतील कोट्यवधींचा खोटेपणा कबूल केला, तेव्हां त्या मंडळावरही नामांकित प्राध्यापक व निवृत्त उच्च अधिकारी होतेच.

तेव्हां इच्छुकानें कंपनी आपणांस घेईल काय, हें विचारण्याआधीं आपण त्या कंपनींत जावें काय, हें ठरवावें. तिचे मागील पांच वर्षांचे अहवाल व हिशेबतपासनिसांचे शेरे वाचावेत. मुदतीपूर्वीं कोणी संचालक बाहेर पडले असल्यास त्यांस भेटून कारण समजून घ्यावें. मग मंडळावर कोणत्या जाणकारीची उणीव आहे, आणि ती आपण भरून काढूं शकतों काय, हें पाहावें. दहा कंपन्यांस एकच पत्र धाडण्यापेक्षां एकीस अभ्यासून लिहिलेलें पत्र बरें. तें अध्यक्षास किंवा नेमणुकीच्या समितीस लिहावें, मालकाच्या मेहुण्यास नव्हे. त्यांत पदव्यांची माळ नसावी; ती उणीव आणि आपला उपयोग एवढेंच असावें. भेटीच्या वेळीं मात्र निःसंकोच विचारावें: सभेचे कागद किती दिवस आधीं मिळतात? कारभाऱ्यांच्या गैरहजेरींत हिशेबतपासनिसांशीं बोलतां येतें काय? आणि गेल्या वर्षीं मंडळानें कोणता प्रस्ताव परत धाडला? या शेवटच्या प्रश्नानें समोरचे गृहस्थ नाराज झाले, तर त्या दारांतून परत फिरण्यांत कमीपणा नाहीं. कारण कंपनी बुडाल्यावर ‘मला कांहींच ठाऊक नव्हतें’ एवढें म्हणून संचालक सुटत नाहीं; त्यानें योग्य ती दक्षता घेतली होती काय, हेंही कायदा पाहतो.

मुरगुडाच्या आसपासच्या एखाद्या संस्थेच्या वार्षिक सभेंत साधा सभासद अहवालाचा कागद हातांत धरून उठतो, आणि एवढा खर्च कोठें गेला, म्हणून विचारतो. त्यास इंग्रजी येत नसेल, हिशेबशास्त्रही येत नसेल. परंतु पैसा कोणाचा, हें तो विसरलेला नसतो. कंपनीच्या मंडळावर भागधारक असा रोज येऊन बसत नाहीं. त्याच्या वतीनें तोच प्रश्न विचारण्यासाठीं बिनकारभारी संचालकाची जागा ठेवलेली असते.