संचालकाची शाळा आणि चर्चचा गायनवृंद

'कंडक्टर' म्हटले की आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडे एस.टी.चा कंडक्टरच डोळ्यांपुढे उभा राहतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संचालकालाही हेच नाव आहे, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी येते. आपल्या डबलबारीत बुवा स्वतः पेटी वाजवितात, गातात आणि पखवाजवादक त्यांच्यावर नजर ठेवून साथ करतो. वाद्यवृंदाचा संचालक मात्र एकही स्वर काढीत नाही. केवळ हाताच्या खुणांनी तो ऐंशी-नव्वद वादकांना एका लयीत बांधतो. ही विद्या कशी शिकतात आणि आपल्या चर्चशी तिचे नाते काय, याचा थोडा मागोवा आपण घेऊ.

तेरेखोल नदीपलीकडे, गोव्यात, सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयाने शाळा चालू झाल्या. पुढे तेथील 'मेस्त्रे' मुलांना स्वरलिपीवाचन, व्हायोलिन आणि उपासनेचे गायन शिकवीत. सिंधुदुर्गातील कित्येक ख्रिस्ती घराण्यांची मुळे गोव्यातच असल्याने हा वारसा आपणांसही परका नाही. याच शाळांतून स्वरलिपी वाचता येणारे वादक तयार झाले आणि पोटासाठी मुंबईस गेले. मेहली मेहता यांनी 1935 साली मुंबईत 'बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला, तेव्हा त्यात अनेक गोमंतकीय वादक होते.

मेहलींचे पुत्र झुबिन माझगावच्या सेंट मेरीज शाळेत व पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकले. वैद्यकाचा नाद सोडून 1954 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नास गेले. तेथे हान्स स्वारोव्स्की हे त्यांचे गुरू. संचालनाच्या या उच्च शिक्षणात हातवारे हा सर्वांत लहान भाग. विद्यार्थ्याने प्रथम वीस-पंचवीस ओळींची समग्र स्वरलिपी एका दृष्टिक्षेपात वाचावी आणि मनात ऐकावी लागते. बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी 'सी' लिहिलेला असतो, पण कानी येतो 'बी-फ्लॅट'. असे हिशेब सतत करावे लागतात. त्याहून अवघड असते शैलीचे ज्ञान. 'जोराने' ही एकच खूण मोझार्टच्या रचनेत एक अर्थ सांगते, ब्राम्सच्या रचनेत दुसरा. रचनेचा काळ, तत्कालीन वाद्ये आणि लेखनाची रीत जाणल्यावाचून तो उलगडत नाही.

पण थोर संचालकांच्या तालमी पाहावयास मिळाव्यात कशा? विद्यार्थ्यांना तेथे सहसा प्रवेश नसे. तेव्हा झुबिन मेहता आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ आब्बादो यांनी एक युक्ती योजिली. दोघेही खर्जातील गायक म्हणून तेथील गायनवृंदात दाखल झाले आणि ब्रूनो वाल्टर, हर्बर्ट फॉन कारायान यांचे काम समोरून पाहू लागले. जगातील दोन नामवंत संचालक असे गायनवृंदाच्या रांगेत उभे राहून शिकले.

1958 साली मेहता लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय संचालक-स्पर्धेत पहिले आले. त्याच वर्षी मुंबईत, सेंट झेवियर्सच्या प्रांगणात, अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय रागांवरील रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करविल्या. लता मंगेशकर व मन्ना डे गायक होते. गोन्साल्विस मूळचे गोव्यातील माजोर्ड्याचे, चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे चिरंजीव. चित्रपटांसाठी वादन व संयोजन करून पोट भरताना त्यांनी ही हौस भागविली. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल पुढे संगीतकार म्हणून प्रसिद्ध झाले. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्याने गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले. नावामागचा संगीतज्ञ मात्र थोड्यांनाच ठाऊक होता. 2012 साली ते निवर्तले.

एकास व्हिएन्ना लाभले, दुसऱ्यास मेस्त्र्यांचे संस्कार. दोघांच्याही हाती स्वरलिपी होती, हे विसरून चालणार नाही. 2005 साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्वतंत्र झाला. आपल्या धर्मग्रामांतील मुले रविवारी गातात ती ऐकून पाठ केलेली गीते. त्यांना स्वरलिपीची बाराखडी कोणी शिकविली नाही, तर वाडवडिलांचा हा वारसा आपल्याच पिढीत खुंटेल. चर्चची एक खोली, आठवड्यातला एक तास आणि शिकविणारा एक जाणकार, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. मेस्त्र्यांनीही आरंभ याहून फार मोठ्या भांडवलावर केला नव्हता.