भाटकाराक विचारलें?

आमच्या पाळीच्या घराला यंदा चाळीस वर्षे झाली. परवा धाकटी नात गच्चीकडे बघून म्हणाली, "आजोबा, स्लॅब आहे ना, मग त्याच्यावर परत कौले कशाला?" छपरावर छप्पर आमच्या डिचोली तालुक्यात घरोघर दिसते, त्यामुळे आम्हाला त्यात काही वाटत नाही. तिला उत्तर द्यायला बसलो आणि पार पोर्तुगीज अमदानीपर्यंत मागे जावे लागले. ते सगळे इथे लिहून ठेवतोय. थोडे लांबेल, सांभाळून घ्या.

माझा जन्म जुन्या घरातला. मातीच्या भिंती, वर नळे, शेणाने सारवलेली जमीन. जागा भाटकाराची, आम्ही मुंडकार. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भाटकार म्हणजे जमीनमालक आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा. माडांवर लक्ष ठेवायचे, बोलावले की कामाला जायचे, त्या बदल्यात राहायला जागा. नारळ मात्र त्याचे. दारातल्या माडाचा नारळ पडला तरी तो उचलून बाजूला ठेवायचा. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. राज्यकर्ते बदलले तरी भाट ज्याचे होते त्याचेच राहिले.

आमच्या लोकांची घरे मातीची का, तर गरिबी हे एक कारण, आणि दुसरे कोणी मोठ्याने बोलत नसे. चिऱ्याची भिंत म्हणजे पक्के बांधकाम, आणि पक्के बांधले की हक्क सांगितल्यासारखे होते. त्यामुळे चिरा लावायचा तर परवानगी हवी. ती सहसा मिळत नसे. बाबांना एकदा पडवी दोन हात वाढवायची होती, त्यासाठी ते तीन वेळा जाऊन भाटकाराच्या दारात उभे राहिले होते. घरात काहीही करायचे म्हटले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाटकाराक विचारलें?"

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. शाळेत पेढे वाटले, एवढे आठवते. घराच्या बाबतीत मुक्ती यायला अजून पंधरा वर्षे लागली. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि १२ मार्च १९७६ पासून लागू झाला. मुंडकाराला घरातून काढता येणार नाही, आणि घर व त्याच्या भोवतालची जागा त्याला विकत घेता येईल. पंचायत भागात तीनशे चौरस मीटरपर्यंत. अर्ज मामलेदाराकडे.

अर्ज करायला बाबाच तयार नव्हते. "ज्यांच्या जाग्यात वाढलो, त्यांच्यावर कोर्टात जायचे?" कोर्ट नाही हो, मामलेदार, असे मी शंभर वेळा सांगितले असेल. शेवटी आई म्हणाली, "तुम्हाला नको तर माझ्या नावाने करा." मग सही झाली. भाटकाराच्या माणसांनी फार विरोध केला नाही, हे सांगायला हवे. तरी तारखा पडत राहिल्या. १९८२ मध्ये हुकूम झाला, ठरलेली किंमत आम्ही भरली.

आता एक गोष्ट जी मी आजवर कुठे बोललो नाही. मी बी.कॉम. होऊन (तेव्हा गोव्याची कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती) १९७३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो. काही वर्षांनी कर्जाचे टेबल माझ्याकडे आले. १९७९ मध्ये जवळच्याच गावातले एक काका घरासाठी कर्ज मागायला आले. पोरीचे लग्न ठरले होते, पावसाने भिंत गेली होती. कागद बघितले, जमीन भाटकाराची, अर्ज मामलेदाराकडे पडून. तारण कशावर घेणार? मी फाईलवर 'मालकी हक्क स्पष्ट नाही' असा शेरा मारला आणि परत केली. नियमाने ते बरोबरच होते. पण संध्याकाळी बसने मी ज्या घरी परतलो त्या घराच्या कागदांवरही मला तोच शेरा मारावा लागला असता. काका नंतर कधी भेटले तर नमस्कार करायचे. मलाच वर बघवत नसे.

हुकूम झाल्यावर मला कर्मचारी म्हणून गृहकर्ज मिळाले आणि १९८४ च्या दिवाळीनंतर जुन्या घराच्या मागे पाया खणला. चिरे जवळच्या खाणीवरचे. हा आपला जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने कापता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. बुकानन नावाच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात तो पाहून १८०७ मध्ये त्याला 'लॅटराइट' नाव दिले, लॅटिनमध्ये विटेला जो शब्द आहे त्यावरून. त्याच्या आधी शेकडो वर्षे आपले लोक त्याने देवळे आणि विहिरी बांधत होते. सिमेंट मिळवणे हे वेगळेच प्रकरण. १९८२ च्या फेब्रुवारीत नियंत्रण थोडे सैल झाले होते, नाहीतर परमिटशिवाय पोते मिळत नसे. शेजारच्या महाराष्ट्रात तर सिमेंटच्या वाटपावरून अंतुल्यांना त्याच वर्षी जानेवारीत मुख्यमंत्रिपद सोडावे लागले!

मला स्लॅबच हवा होता. मेस्त म्हणाला, बाबू, कौले घाल, आपल्या पावसाला तीच बरी. पण स्लॅब म्हणजे सुधारणा, असे तेव्हा आम्हा सगळ्या नोकरदारांच्या डोक्यात होते. १९८५ च्या अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टपटप. आईने खाली कळशी ठेवली आणि म्हणाली, "नवीन घरात नळ आला बघ."

आमच्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. सपाट स्लॅबवर पाणी साचते, उन्हाने पडलेल्या बारीक भेगांत शिरते, आतली सळी गंजते आणि गंजलेली सळी फुगून सिमेंट उडवते. पहिल्या वर्षी डांबर ओतले, उन्हाळ्यात ते वितळले. दुसऱ्या वर्षी वरून गिलावा केला, त्याला भेगा पडल्या. पश्चिमेची भिंत गिलावा न करता चिऱ्याची शोभा म्हणून उघडी ठेवली होती, ती पाणी पिऊन आतून काळी झाली. शेवटी तिला झावळ्यांची झड बांधली, जशी जुन्या मातीच्या घराला बांधायचो तशीच. न्हाणीचा उतार दाराकडे होता तो फोडून उलटा केला. आणि १९८७ च्या मे महिन्यात मेस्ताचे ऐकून स्लॅबवर लाकडी वासे आणि मंगळुरी कौले चढवली. नातीच्या प्रश्नाचे उत्तर हे एवढेच.

पण घर लागी लागायला अजून एक अडचण होती, तीही पहिल्याच वर्षातली. बाबा नव्या घरात झोपतच नव्हते. जेवायला यायचे, हात धुवायचे आणि कंदील घेऊन जुन्या घरात जायचे. तिथे बरी झोप लागते म्हणायचे. भिंतीला खिळा मारला तर बाहेर निघून जायचे.

चवथ जवळ आली. गणपती नव्या घरात बसवायचा ठरले आणि लक्षात आले की माटोळी कुठे बांधणार? आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंजन, रानातली कांगलां असे काय काय बांधतात. जुन्या घरात ती वाशांना टांगलेली असे. स्लॅब ओतताना कड्या ठेवायला कोणालाच सुचले नव्हते. मेस्ताला बोलावले. तो छिन्नी घेऊन स्लॅबला भोके पाडू लागला. ठोकण्याचा आवाज ऐकून बाबा जुन्या घरातून धावत आले, अंगात गंजीही नव्हती. "कितें करतात? भाटकाराक विचारलें?"

कोणीच बोलले नाही. मेस्ताचा हात वरच्या वर थांबला. बाबा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. मग त्यांच्याच लक्षात आले असावे. ते खाली बसले, बराच वेळ बसले. नंतर उठले आणि जुन्या घरातून माटोळीची जुनी चौकट स्वतः काढून घेऊन आले. "भोंक हांगा मार, मदीं," असे मेस्ताला जागा दाखवून सांगितले. त्या रात्री ते गणपतीपुढे चटईवर झोपले, आणि मग तिथेच.

चवथीनंतर त्यांनी विहिरीजवळ माडाचे रोप लावले. आमच्या मालकीचा पहिला माड. त्याचे पहिले शहाळे त्यांनी एकट्याने बसून प्यायले, कोणाला विचारले नाही.

विहिरीचे दुखणे मात्र आमच्या हातातले नव्हते. पाळी-वेळगेचा हा सगळा पट्टा लोखंडाच्या खाणींचा. खाण खोल जाते, आत भरणारे पाणी उपसून बाहेर टाकावे लागते, आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात. नव्वदच्या दशकात आमची विहीर मार्चमध्येच तळ दाखवू लागली. रस्त्यावरच्या ट्रकांची लाल धूळ कौलांवर, कपड्यांवर, तुळशीवर. त्याच ट्रकांवर गावातल्या कितीतरी घरांचे हप्ते चालत होते आणि ते हप्ते मीच वसूल करत होतो, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची? २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पुढच्या मे महिन्यात विहिरीत कमरेएवढे पाणी होते. आणि बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांकडे थकलेल्या ट्रक-कर्जांचे ढीग.

बाबा १९९६ ला गेले. जुन्या घराची भिंत त्यानंतरच्या एका पावसात बसली, वासे काढून आम्ही गोठ्याला वापरले. माटोळीची चौकट तीच आहे. एका कडीभोवतीचा स्लॅब आता सुटायला लागलाय. मेस्ताचा मुलगा रविवारी येऊन बघतो म्हणालाय.