मद्यमुक्तीसाठी स्वमदत गटाच्या सभा : शोध आणि उपस्थिती

देवस्थानात गाऱ्हाणे घालण्यास येणाऱ्या कुटुंबांपैकी कित्येकांचे दुःख घरातील कर्त्या पुरुषाच्या व्यसनाचे असते. देवापुढे नारळ ठेवून दारू सोडण्याची शपथ घेतली जाते व काही दिवस ती पाळलीही जाते. पुढे चतुर्थी येते, जत्रा येते, उन्हाळ्यात हुर्राकाचा हंगाम येतो आणि शपथ मोडते. त्यानंतर तो मनुष्य लाजेने देवळाची पायरी चढेनासा होतो. अशा भाविकांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजेच ए. ए. या गटांच्या सभांची माहिती येथे देत आहोत.

या गटांचा उगम १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या शहरी झाला. बिल विल्सन हे गृहस्थ नुकतेच मद्यमुक्त झाले होते. व्यवसायात अपयश येऊन ते परक्या शहरात एकटे पडले असता पुन्हा पिण्याची ओढ लागली, तेव्हा त्यांनी हॉटेलातून दूरध्वनी करून आपल्यासारखाच दुसरा पीडित शोधला. ते डॉ. बॉब स्मिथ होत. एका मद्यपीने दुसऱ्यास आपला अनुभव सांगितल्याने दोघांचेही पिणे थांबते, हे त्या भेटीतून उमगले. भारतात हे कार्य १९५७ पासून आहे. कोक्रेन या वैद्यकीय आढावा घेणाऱ्या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास तपासले. त्यात संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत हा मार्ग अन्य प्रस्थापित उपचारांइतकाच, काही बाबतींत अधिकही, परिणामकारक आढळला.

एक सावधगिरी मात्र आधी घ्यावी. वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हात कापणे, निद्रानाश, आकडी असे त्रास होतात. आकडी बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दोन-तीन दिवसांनी भ्रमाची अवस्था उद्भवल्यास ती जिवावरही बेतू शकते. म्हणून घरच्या घरी कोंडून ठेवण्याचा उपाय करू नये, प्रथम डॉक्टरांस दाखवावे. बांबोळी येथे शासकीय मानसोपचार रुग्णालय आहे. सभा हा उपचारानंतरचा, आयुष्यभराचा आधार होय.

सभा शोधण्यासाठी ए. ए. च्या भारतातील संकेतस्थळावर गावोगावच्या गटांचे दूरध्वनी क्रमांक मिळतात. केंद्र शासनाच्या १४४४६ या विनामूल्य व्यसनमुक्ती क्रमांकावरही मार्गदर्शन होते. सभांच्या वेळा व जागा बदलत असल्याने आधी दूरध्वनी करून दिवस, नेमकी जागा व भाषा विचारून घ्यावी. सभा 'खुली' की 'बंद' हेही विचारावे. खुल्या सभेस कोणीही बसू शकतो, बंद सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांची असते.

गोव्यात काही सभा चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात भरतात. 'ते आपले नव्हे' असे म्हणून आपल्यातील काही जण माघारी फिरतात, हे खेदकारक आहे. जागा तेवढी भाड्याची असते, गट कोणत्याही पंथाशी बांधलेला नसतो. तेथील बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख येतो खरा, परंतु तो ज्याला जसा समजला तसा. आपली कुलदेवता मनात धरून बसण्यास कोणाचीही हरकत नसते.

पहिल्या दिवशी थोडे लवकर जावे आणि नवीन आहोत एवढे सांगावे. आडनाव विचारत नाहीत आणि प्रवेश फीही नसते. शेवटी पिशवी फिरते, तीत ऐच्छिक पैसे टाकावेत, न टाकल्यास कोणी पाहत नाही. सुमारे तास-दीड तास एकेक जण आपली हकिकत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेशही करीत नाही. नवागताने गप्प बसून ऐकले तरी चालते. तेथे जन्मभराची शपथ घेत नाहीत, फक्त आजचा दिवस न पिण्याचे ठरवतात. मधेच पाऊल घसरलेला मनुष्य परत आला तर त्याला खुर्ची दिली जाते. एका सभेने मत बनवू नये, निरनिराळ्या गटांत जाऊन पाहावे. पुढे जुन्या सदस्यांपैकी एकास मार्गदर्शक म्हणून निवडण्याची प्रथा आहे. रात्री ओढ लागली तर दूरध्वनी करण्यास तो हक्काचा माणूस असतो.

जो सभेस जाण्यास तयारच नाही, त्याच्या घरच्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी १९५१ पासून 'अल-अनॉन' हे स्वतंत्र गट आहेत. पती येवो न येवो, पत्नीने किंवा आईवडिलांनी तेथे जावे. त्याचे कर्ज फेडणे, कामावर खोटी सबब कळवणे यांतून व्यसन कसे पोसले जाते, हे तेथे समदुःखी मंडळींकडून कळते.

देवस्थानने अग्रशाळेत अशी सभा भरवावी व गटास देणगी द्यावी, अशी सूचना काही महाजनांकडून येणे स्वाभाविक आहे. परंतु ए. ए. बाहेरची देणगी स्वीकारीत नाही, जागेचे भाडेही स्वतः देते. शिवाय गावच्या देवळात ओळखीचे चेहरे भेटणार या धास्तीने गावचा माणूस येणार नाही, असे आम्हांस वाटते. तो दुसऱ्या गावच्या सभेस जात असेल तर त्यास जाऊ द्यावे, कोठे जातो हे विचारू नये. ज्यांना दूरध्वनी करण्याचा संकोच वाटतो, त्यांनी कार्यालयीन वेळेत सचिवांस एकांतात भेटावे. नाव कोठेही नोंदवले जात नाही.

— सचिव, देवस्थान समिती