बालगुन्हेगारीचे पूर्वानुमान
कोणते मूल गुन्ह्याकडे वळेल किंवा पुन्हा गुन्हा करील, याचा लक्षणांवरून बांधलेला अंदाज. गरिबी आणि शाळागळती ही त्याची नेहमीची लक्षणे. पण ती बहुधा परिस्थितीच मोजतात. साजगाव परिसरातील (ता. खालापूर, जि. रायगड) अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात, तेवढे महिने हजेरीपटावर मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच लागते. अशा नोंदीवरून मुलाची वृत्ती ठरवणे हा सरळ अन्याय आहे. गणितही आड येते. समजा, हजारांत 20 मुले गुन्हा करणार आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी 80 टक्के अचूक आहे. तरी 16 खऱ्यांबरोबर 196 निरपराध मुलांवर शिक्का बसेल.

अंदाजच नसेल तर मदत वेळेवर कशी पोहोचणार, हा आक्षेप रास्त आहे. मात्र हंगामी वसतिगृह किंवा समुपदेशन यांसाठी मुलाला संभाव्य गुन्हेगार ठरवावे लागत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 15 नुसार, घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असलेल्या 16 ते 18 वयाच्या बालकाची क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती तपासली जाते. त्याच्या भविष्याचे भाकीत तिथे अपेक्षित नाही.