भरल्या ताटावरचा उपास

पालीकडून आणि आसपासच्या गावांतून बीडला शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी गेली सतरा वर्षे इतिहास शिकवीत आहे. ह्या मुलांच्या घरी आजी-आजोबा अजून १९७२ च्या दुष्काळाच्या हकिगती सांगतात. दिवसभर खडी फोडायची, सुकडी खायची आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी कशीबशी घशाखाली उतरवायची! असे दिवस काढलेल्या घरात सोळा वर्षांची नात भरल्या ताटावरून उठू लागली, तर म्हातारी काय म्हणेल? 'आम्हांला मिळत नव्हतं, हिला मिळतंय तर नको!' माज, हट्ट, नखरे ह्या तीन शब्दांत प्रकरण मिटते. मुलगी मात्र वाळत जाते.

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी माझे सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास केले. मी सगळ्यांदेखत तिची वाहवा केली. दिवाळी झाली तरी तिचा उपास सुटला नव्हता, हे माझ्या ध्यानात आले नाही. आज सोमवार, उद्या चतुर्थी, परवा आणखी काही. डबा ती मैत्रिणींना वाटून टाकी. गॅदरिंगच्या तालमीत ती भोवळ येऊन पडली, तेव्हा माझे डोळे उघडले. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा माणूस. म्हणून जुन्या ग्रंथांत शोधू लागलो, की असे पूर्वी कुणाला झाले होते काय?

झाले होते. रिचर्ड मॉर्टन नावाच्या लंडनच्या वैद्याने १६८९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दोन रोगी आहेत. एक अठरा वर्षांची मुलगी, नुसती हाडे आणि कातडी उरलेली. तिला ताप नाही, खोकला नाही. तिने औषध थांबवले आणि ती वारली. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. होय, मुलगा! हे दुखणे फक्त मुलींचे असे कुणी समजू नये. त्याने अभ्यासाचा फार ताण घेतला होता. मॉर्टनने त्याला पुस्तके मिटायला लावली, मोकळ्या हवेत पाठवले, दूध प्यायला सांगितले. आणि तो बराच सुधारला. परीक्षेच्या वर्षात मुलांना रात्री दोनपर्यंत जागवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा लक्षात घ्यावे.

पुढे १८७३ साली लंडनचा गल आणि पॅरिसचा लासेग ह्या दोघा डॉक्टरांनी एकाच वर्षी ह्या आजाराचे वर्णन केले. गलने दिलेले 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव टिकले. पण नाव फसवे आहे, बरं का! त्याचा अर्थ भूक नसणे असा होतो. खरे म्हणजे भूक असते; रोगी तिच्याशी रात्रंदिवस झुंजत असतो. आणखी एक प्रकार १९७९ साली जेरल्ड रसेल ह्यांनी मांडला. त्यात माणूस चोरून भराभर खातो आणि मग भीतीने ओकून टाकतो. तो अंगाने मुळीच बारीक दिसत नाही, म्हणून घरच्यांना पत्ताही लागत नाही.

मला सर्वांत जास्त शिकवले ते अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील एका प्रयोगाने. महायुद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे जगवावे, हा त्यामागचा प्रश्न होता. १९४४-४५ साली छत्तीस धडधाकट तरुण स्वखुशीने पुढे आले. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे चौथा हिस्सा घटले. पण पाहण्यासारखे होते ते त्यांच्या मनाचे. हसतीखेळती मुले एकलकोंडी झाली. चिडू लागली, खिन्न राहू लागली. बोलणे फक्त अन्नाचे, वाचायला पाककृतींची पुस्तके, आणि पुढ्यातला घास तासभर चिवडत बसणे! पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांना थांबावे कुठे हे कळेना. ही मुळात वेडी माणसे नव्हती. उपासमारीनेच मन असे वाकवले होते. मग विचार करा: जी मुलगी कित्येक महिने उपाशी आहे, तिला 'डोकं ठिकाणावर ठेव' म्हणून काय उपयोग? ते ठिकाणावर यायला आधी अन्न पोटात जायला हवे.

'हे शहरातले फॅड, आमच्या खेड्यात कुठलं?' असे कुणी म्हणेल. फिजी बेटावरच्या एका भागात भरलेले अंग हेच सौंदर्य मानीत. तिथे १९९५ साली दूरचित्रवाणी आली. त्या वेळी शाळेतल्या मुलींना विचारले, तेव्हा बारीक होण्यासाठी ओकणारी एकही सापडली नाही. १९९८ साली शंभरांत अकरा सापडल्या. आणि आज आपल्या प्रत्येक गोठ्यात, शेतात मोबाईल पोचला आहे. त्यातच 'जाडी झालीस, स्थळ कसं येईल?' हे बोलणे आपल्याकडे जुनेच.

तेव्हा खुणा ध्यानात ठेवा. कपडे ढिले होणे, सारखी थंडी वाजणे, पाळी बंद होणे, जेवण होताच मोरीकडे धावणे, चारचौघांत जेवायचे टाळणे. नवस-गंडेदोरे करीत महिने घालवू नयेत. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर खाऊ घालू नये. त्याने रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतते. डॉक्टर आधी पाहिजे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानसच्या १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येते. गलसाहेबांचे मत होते की नातलग हे सर्वांत वाईट शुश्रूषक. ते मला पटत नाही. १९८० नंतर लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आईबापांना हाताशी धरले, त्यांनाच मुलाला जेवू घालायला शिकवले; आणि अल्पवयीन रोग्यांत त्याचा गुण आला.

आमची ती मुलगी वर्षभराने वर्गात परतली. मधल्या काळात तिची आई रोज तिच्याजवळ बसून जेवत असे, न रागावता, न कौतुक करता. बारीक झाली की भरली, ह्याविषयी मी चकार शब्द काढला नाही. मागच्या बाकावर बसली होती. मी तिला पुढे बोलावले आणि यादवांच्या धड्याची वही दाखवायला सांगितली.