मुक्त व्हिडिओ कोडेक

चलचित्र दाबून लहान फाइलीत साठवणारी आणि पाहताना ते पुन्हा उलगडणारी प्रणाली म्हणजे कोडेक. जिचा तपशील खुला असतो आणि जी वापरायला स्वामित्वशुल्क लागू नये अशी योजना असते, ती मुक्त कोडेक. थिओरा, व्हीपी८, व्हीपी९ आणि एव्ही१ ही तिची प्रमुख उदाहरणे.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण १० मिनिटांचे पाठ तयार होतात. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुन्हा ध्वनिमुद्रित केले जाते. हे पाठ थिओराच्या ओजीव्ही फाइलींत उपलब्ध झाले. वणीसारख्या तालुक्याच्या गावी विषयाचा जाणकार हाताशी नसला, तरी उतरवून घेतलेला पाठ इंटरनेटविना पाहता येतो आणि पेनड्राइव्हवरून दुसऱ्याला देता येतो. मुक्त कोडेकची खरी किंमत इथे कळते.

अशा पाठात पडदा बराच वेळ स्थिर असतो, हलतो तो माउसचा बाण. कोडेक प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही; आधीच्या चौकटीवरून अंदाज बांधून फक्त फरक नोंदवते. एव्ही१मध्ये पडद्यावरच्या मजकुरासाठी खास सोयी आहेत. मोजकेच रंग असलेल्या तुकड्यासाठी छोटी रंगसूची पुरते, आणि आधी येऊन गेलेला अक्षराचा आकार त्याच चित्रातून उचलता येतो.

एच.२६४ (२००३) ही कोडेक सर्वत्र पसरली, पण ती पेटंटांनी वेढलेली होती. वेबपानांच्या एचटीएमएल५ मानकाच्या मसुद्यातली थिओराची शिफारस नोकिया व अॅपल यांच्या हरकतींनंतर २००७ मध्ये वगळली गेली, आणि २०१४ च्या अंतिम मानकात कोणतीच व्हिडिओ कोडेक सक्तीची झाली नाही. मानकाची ही मोठी उणीव होय. गूगलने २०१० मध्ये ऑन२ कंपनी विकत घेऊन तिची व्हीपी८ खुली केली. २०१५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून अलायन्स फॉर ओपन मीडिया स्थापन केली. तिची एव्ही१ २०१८ मध्ये आली.

एव्ही१वरही पेटंटचे दावे झाले आहेत. त्याहून रोजची अडचण फोनची आहे. एव्ही१ उलगडणारे सर्किट फोनच्या चिपमध्ये नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे संकेतस्थळांना जुन्या फोनसाठी एच.२६४ची प्रतही ठेवावी लागते.