तातडीची खरेदी आणि शासनाचे उत्तरदायित्व : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

साथीच्या काळात शासनाला अनेक वस्तू तातडीने विकत घ्याव्या लागतात. निविदा मागवून, दर ताडून, मंजुऱ्या मिळवून खरेदी करावयाची, तर औषध येईपर्यंत रोगी उरत नाही. म्हणून संकटकाळी खरेदीचे नियम शिथिल असावेत, याविषयी सहसा दुमत नसते. विवाद्य प्रश्न निराळाच आहे : नियम शिथिल झाले म्हणजे हिशेबही शिथिल होतो काय? २०२० मध्ये आरंभ झालेल्या कोविड-१९ च्या साथीत हा प्रश्न महाराष्ट्रात तीव्रतेने उपस्थित झाला. जालना जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचा विचार करताना प्रथम कायद्यांची शब्दरचना पाहणे इष्ट ठरेल.

मुंबई इलाख्यातील प्लेगच्या निमित्ताने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पुढे हैदराबाद हे 'ब' वर्गाचे राज्य झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी त्या वर्गात असलेले प्रदेश केंद्रीय अधिनियमाच्या व्याप्तिकलमातून वगळलेले राहिले. हे वगळणारे शब्द २०२० च्या दुरुस्तीने गाळण्यात आले. या अधिनियमाची मूळ कलमे अवघी चार. दुसऱ्या कलमानुसार उपाययोजनांचा खर्च कोणी व कोणत्या रीतीने सोसावा, हे शासन ठरवू शकते. चौथे कलम सद्भावनेने केलेल्या कृतीविरुद्ध दाव्यापासून संरक्षण देते. मात्र झालेल्या खर्चाची तपासणी होऊ नये, असे या चारही कलमांत कोठेही म्हटलेले नाही.

खरेदीचा स्पष्ट उल्लेख येतो तो आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या पन्नासाव्या कलमात. राष्ट्रीय, राज्य वा जिल्हा प्राधिकरणाची खात्री पटल्यास ते तातडीच्या खरेदीस अनुमती देऊ शकते. तसे झाले की निविदांची नेहमीची पद्धती माफ झाल्याचे मानले जाते, आणि नियंत्रक अधिकाऱ्याचे विनियोग-प्रमाणपत्र हिशेबासाठी वैध प्रमाणक मानले जाते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे असते, तर स्थानिक संस्थेचा निर्वाचित प्रतिनिधी सह-अध्यक्ष असतो. म्हणजे हा अधिकार जालन्याच्या पातळीपर्यंत पोचतो. 'मानले जाते' या क्रियापदाचा अर्थ येथे नीट ध्यानी घ्यावयास हवा. प्रमाणपत्राने वस्तू वापरात आली एवढेच सिद्ध होते. तिचा दर वाजवी होता, किंवा ती उपयोगास योग्य होती, हे त्याने सिद्ध होत नाही. कलमाने निविदा माफ केली; चौकशी माफ केलेली नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते शेजारच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील प्रकरणावरून स्पष्ट होते. तेथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात जालना जिल्हाही येतो. मे २०२१ मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत खंडपीठापुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अहवाल आला. केंद्राकडून आलेल्या १५० व्हेंटिलेटरांपैकी वापरात आणलेले ११३ सदोष आढळले होते आणि उर्वरित ३७ उघडलेलेच नव्हते. केंद्राच्या प्रतिज्ञापत्रात यंत्रे सदोष असल्याचे नाकारण्यात आले व ती हाताळणाऱ्यांच्या अपुऱ्या प्रशिक्षणाकडे बोट दाखविण्यात आले. ही यंत्रे पीएम केअर्स निधीतून दिल्याचे आधी सांगण्यात आले होते. त्या निधीशी त्यांचा संबंध नसल्याचेही आता प्रतिपादन झाले. या पवित्र्याबद्दल न्यायालयाने नापसंती व्यक्त केली. यंत्र चांगले की वाईट, हा वाद तज्ज्ञांचा. परंतु ते कोणत्या पैशातून आले याविषयीही वाद व्हावा, ही गोष्ट अधिक गंभीर होय. पैशाचे मूळ अनिश्चित असेल, तर उत्तर कोणाकडे मागावे हेही अनिश्चित राहते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. राज्य शासनाच्या विनंतीवरून महालेखापरीक्षकांनी बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या खर्चाची तपासणी हाती घेतली. त्यांचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात सादर झाला. साथीवरील साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च मात्र त्या तपासणीबाहेर राहिला. कारण महानगरपालिकेने १८९७ च्या अधिनियमाचा आधार घेतला. दाव्यापासून व्यक्तीला दिलेले संरक्षण येथे दप्तराचे संरक्षण झाले. कायद्याच्या शब्दांत हा अर्थ नाही; तो व्यवहाराने त्यांत भरला.

जिल्ह्याच्या पातळीवर आणखी एक अडचण दिसते. खर्चाचे हिशेब तपासण्याचा काळ आला, तेव्हा मार्च २०२२ मध्ये जालना जिल्हा परिषदेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. हिशेब विचारणारे सदस्य सभागृहात उरले नाहीत. लेखापरीक्षण ही कागदाची तपासणी होय. घेतलेल्या वस्तू आरोग्य केंद्रात पोचल्या काय, आणि आज त्या कोठे आहेत, हे प्रश्न गावाच्या प्रतिनिधीनेच विचारावयाचे असतात.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष एवढाच, की संकटकाळी खरेदीपूर्वीची तपासणी कमी करावी लागत असेल, तर खरेदीनंतरची तपासणी त्याच प्रमाणात वाढविली पाहिजे. वस्तू कोणी घेतली, कोणत्या निधीतून घेतली आणि ताब्यात घेताना कोणी पारखली, या तीन नोंदी प्रत्येक प्रमाणपत्रावर असाव्यात. यांपैकी एकीनेही खरेदीस विलंब होत नाही. त्या नसल्या, तर पुढील साथीतही रुग्णशय्येजवळ यंत्र बंद पडेल, आणि ते कोणी घेतले होते याचे उत्तर देणारा कोणीही सापडणार नाही.